पुण्यातील फ्लॅटची गच्ची : तपासणी आणि निगा



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गळीत हंगाम उतरणीला लागलेला असेल. पट्टा पडला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर निघतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, सरकारी बॉयलर निरीक्षक येऊन ठोकून-ठाकून पाहतात आणि त्यांच्या दाखल्याशिवाय पुढच्या हंगामाला बॉयलर पेटत नाही. यात कोणाला नवल वाटत नाही. यंत्र चालवायचे तर बंद काळात ते उघडून पाहायचे, ही शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे.

मग एक प्रश्न विचारतो. पुण्यात मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून आपल्यापैकी अनेकांनी ऊसबिलातून, कर्ज काढून फ्लॅट घेतले आहेत. त्या इमारतीच्या गच्चीवर आपण शेवटचे केव्हा गेलात? पापड वाळत घालायला नव्हे, गच्ची बघायला?

हा लेख लिहिण्याचे कारण आपल्याच एका सभासदाच्या घरी घडले. कोथरूडला त्यांचा चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. इमारत 1987 सालची, सोळा बिऱ्हाडांची. दोन्ही मुली तिथे राहून शिकतात. 25 जुलै 2024 चा पाऊस पुणेकर विसरणार नाहीत. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले होते. त्याच आठवड्यात एके रात्री या मुलींच्या खोलीत छताचा गिलावा सुटून पाटाएवढी खपली खाली आली, ती नेमकी धाकटीच्या उशीवर. धाकटी त्या वेळी दुसऱ्या खोलीत अभ्यासाला बसली होती म्हणून बचावली. वर पाहिले तर काँक्रीटच्या पोटातून तांबड्या गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या.

आमच्याशी बोलताना ते सभासद म्हणाले, "आवो, वर्षाला दोन येळा रंग देत हुतो की. डाग दिसला की रंग, डाग दिसला की रंग."

रंगाने डाग झाकतो. पाणी आपले काम करीतच राहते.

धाब्यापासून स्लॅबपर्यंत

सपाट छप्पर आपल्याला नवे नाही. पठारावरच्या गावांतून धाब्याची घरे होती. मृगाच्या आधी धाब्यावर चढून गवत उपटायचे, पांढरी माती नव्याने पसरून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हा वर्षाचा नेम होता. तो चुकला की पहिल्याच पावसात घरात भांडी मांडायची वेळ येई. म्हणजे तपासणी आणि निगा घरातच होती, तिला नाव नव्हते इतकेच.

पुण्याच्या पेठांतले वाडे बहुतेक कौलारू. तिथे पावसाआधी कौले शाकारणारा माणूस येई. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि पुढच्या काळात शहर चहूकडे पसरत गेले. 1963 साली महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला आणि एका इमारतीला अनेक मालक ही गोष्ट रुळली. घर लोखंड-सिमेंटचे झाले, वर स्लॅब आला. स्लॅब म्हणजे कायमचा, त्याला काही करावे लागत नाही, अशी समजूतही त्याच्याबरोबर आली. कौले शाकारणारा गेला, त्याच्या जागी कोणीच आले नाही. आमच्या मते गळतीचे मूळ इथे आहे. सिमेंटची प्रत वगैरे नंतरची गोष्ट.

स्लॅबला काय होते

पुण्याचा पाऊस कोकणासारखा नाही. वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर. पण हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर म्हणजे एक लाख चाळीस हजार लिटर. हे सगळे पाणी ठराविक भोकांतून खाली गेले पाहिजे. जे गेले नाही ते वाट शोधते.

पावसापेक्षा ऊन वाईट. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, उघड्या गच्चीचा पृष्ठभाग त्याहून किती तरी जास्त तापतो आणि पहाटे परत गार होतो. काँक्रीट तापले की लांबते. पंधरा मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर त्याची लांबी सुमारे साडेचार मिलिमीटरने बदलते. ऐकायला थोडे वाटते, पण कठड्याची भिंत तेवढी हलत नाही. मग स्लॅब आणि कठडा यांच्या सांध्यात केसासारखी भेग पडते. पुण्यातील बहुतेक गच्च्या पहिल्यांदा या कोपऱ्यात फुटतात. म्हणून जुने गवंडी तिथे काटकोन ठेवीत नसत, गोलाई देत. तिला 'वाटा' म्हणतात. वाटा फुटला की समजावे, पाण्याला दार उघडले.

आत गेलेले पाणी काय करते? चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते. माती परीक्षणाच्या अहवालात आपण 'सामू' पाहतो ना, तो ताज्या काँक्रीटचा साडेबारा-तेराच्या घरात असतो. इतक्या सामूत लोखंड गंजत नाही. पण हवेतील कार्बन वायू हळूहळू आत मुरतो आणि सामू उतरत जातो. नऊच्या खाली गेला की सळईचे कवच गेले. त्यात पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. तो आतून रेटा देतो आणि खालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. त्या काळच्या स्लॅबमध्ये सळईखाली काँक्रीटचे आवरण पंधरा-वीस मिलिमीटरचेच असायचे. मुलीच्या उशीवर पडलेली खपली ती हीच.

तपासणी कशी झाली

सोसायटीने तीन जणांना बोलावले होते. पहिला आला, जिन्यातूनच गच्चीकडे नजर टाकली आणि दहा वर्षांच्या गॅरंटीचे केमिकल सुचवून गेला. दुसरा म्हणाला, जुन्यावर नवा कोबा टाकून देतो, आठ दिवसांत काम. तिसऱ्या एक इंजिनिअर बाई होत्या, महापालिकेचा परवाना असलेल्या. त्या म्हणाल्या, आधी तपासू, मग बोलू. तपासणीची फी वेगळी. साहजिकच सोसायटीत कुरकुर झाली. काम न करता फी कसली? आमचे म्हणणे, हीच फी सर्वांत आधी द्यावी. जो माल विकतो त्यानेच तपासणी केली तर त्याला रोग तोच सापडतो ज्याचे औषध त्याच्या दुकानात आहे.

मार्च 2025 मध्ये ही तपासणी झाली तेव्हा आम्ही हजर होतो. बाई आधी गच्चीवर गेल्याच नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत फिरल्या. कुठे डाग, कुठे पोपडे, कुठे पांढरा लोणा, कुठे सळईच्या रेषेत सरळ तडा, हे सर्व त्यांनी नकाशावर टिपले. लहान हातोडीने छत ठोकत गेल्या. घट्ट काँक्रीट खणखणते, सुटलेले डबडबते. कान असेल तर कोणालाही कळते. कलिंगड आपण तसेच तर पारखतो. खपली पडलेल्या जागेशेजारी दोन-अडीच फुटांपर्यंत आवाज पोकळ आला. ते छत तेव्हाच टेकू लावून धरले. मुलींना त्या खोलीतून आधीच हलवले होते, ते योग्यच झाले.

मग गच्ची. आमचे सभासद म्हणाले, डाग माझ्या खोलीत तर भोकही माझ्याच डोक्यावर असणार. तसे नसते. पाणी कोब्यातून स्लॅबवर येते आणि स्लॅबच्या उताराने, तड्याच्या वाटेने कुठेही चालत जाते. इथे ते शिरत होते जवळजवळ पाच मीटर लांब, सोलर पाणी-तापकाच्या स्टँडपाशी. स्टँड बसवणाऱ्याने कोब्याला भोके पाडून बोल्ट ठोकले होते आणि वरून नुसते सिमेंट लिंपले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्यांवर सोलर पॅनेल झपाट्याने बसत आहेत. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यसंचय वगैरेंसाठी मिळकत करात 5 ते 10 टक्के सवलतही देत आली आहे. सोलर जरूर बसवावे. पण स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवून, गच्चीला भोक न पाडता, आणि जलरोधाचे काम झाल्यावर, आधी नव्हे.

दुसरी गोष्ट पन्हाळींची. चार इंची म्हणजे शंभर मिलिमीटरचा एक नळ, तासाला शंभर मिलिमीटरचा जोरदार पाऊस धरला, तर सुमारे चाळीस चौरस मीटरचे पाणी नेतो. दोनशे चौरस मीटरला असे पाच हवेत. या गच्चीला होते चार. त्यातला एक मागच्या दुरुस्तीत कोब्याखाली बुजलेला, दुसऱ्याच्या तोंडाला जाळी नाही आणि आत कबुतराचे घरटे. म्हणजे पाचाचे काम दोघांवर. कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचे बोटभर रोपटे होते. ते उपटू नका, असे बाई म्हणाल्या. उपटले तर वरचा शेंडा येतो, मूळ आत राहते आणि दुप्पट जोराने फुटते. गिलावा फोडून मुळासकट काढायचे.

त्यानंतर एक जागा चौकोनी कापून खाली काय आहे ते पाहिले, आणि सगळे गप्प झाले. वर चायना मोझॅकचे तुकडे. त्याखाली विटांच्या रोड्यांचा कोबा. त्याखाली पुन्हा फरशीचे तुकडे, आणि पुन्हा कोबा. कधी तरी मागे, गळती लागली तेव्हा, कोणी तरी जुना न काढता त्यावरच दुसरा टाकला होता. आता तिसरा टाकायची सूचना सोसायटीच्या टेबलावर होती.

रोड्यांच्या कोब्याचे वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास. दहा सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलो. दोनशे चौरस मीटरला चाळीस टन. आपल्या भाषेत सांगायचे तर दोन ट्रॅक्टर, भरलेल्या चार ट्रॉल्या ऊस, कायमचा गच्चीवर उभा करून ठेवलेला. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी वावराचा भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे दुसरा कोबा एकटाच त्याहून जड, आणि तो पावसात भिजला की आणखी. इमारत उभी राहिली ती बांधणाऱ्याने हात सैल ठेवला होता म्हणून. तिसरा थर पडला असता तर काय झाले असते, यावर बाईंनी बोलायचे टाळले.

स्लॅबची तपासणी यंत्रांनीही झाली. स्प्रिंगच्या हातोडीने पृष्ठभागाचा कठीणपणा, आवाजाच्या लहरी आरपार सोडून आतली पोकळी, तारा लावून सळईचा गंज. या शेवटच्या तपासणीत मीटरचा आकडा उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेला तर गंज चालू असल्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. आम्हाला आवडली ती साधी चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचे. गुलाबी झाले तर सामू शाबूत. रंग आलाच नाही तर कवच संपले. मुलींच्या खोलीवर रंग आला नाही. जिन्याजवळ लख्ख गुलाबी आला. म्हणजे सगळा स्लॅब गेलेला नाही, हे त्या फवाऱ्याने सांगितले आणि सोसायटीचे लाखो रुपये वाचले.

गूळ आणि सिमेंट

इथे थोडे विषयांतर, पण आपल्या वाचकांना ते हवेच. जुन्या चुन्याच्या गच्चीत गूळ आणि बेलफळ भिजवून त्याचे पाणी घालीत, ते खरे आहे. साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि दाट, चिवट बसतो. ते पाहून आपल्या भागातील एका गवंड्याने हल्ली सिमेंटच्या कोब्यातही 'मजबुतीसाठी' गूळ घातल्याचे कानावर आले. बंधूंनो, हे कदापि करू देऊ नका. सिमेंटचा आणि साखरेचा छत्तीसचा आकडा आहे. पन्नास किलोच्या गोणीत पंचवीस ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट आवळायला काही तास उशीर होतो, आणि शंभर ग्रॅमच्या पुढे गेली की ते धड आवळतच नाही. साखरेची रिकामी पोती वाळू भरायला, काकवीचे डबे पाणी न्यायला कामावर नेऊ नयेत.

खर्च कोणाचा

काम ठरले आणि खरे भांडण सुरू झाले. वरच्या मजल्यावर चार घरे, खाली बारा. खालचे म्हणाले, गळते तुमच्याकडे, खर्च तुमचा. आपल्या सभासदाने तळमळून विचारले, "मग गच्चीवर पापड वाळवायला, पतंग उडवायला समद्यांची गच्ची, आन गळायला माझी एकट्याची व्हय?"

सहकारी कायद्याचे उत्तर सरळ आहे. आपला कारखाना आणि ती गृहनिर्माण संस्था, दोन्ही एकाच 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाची लेकरे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची संस्थेची, आणि पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. त्यासाठीच दुरुस्ती व देखभाल निधी असतो: दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का. सिंकिंग फंड म्हणजे बुडीत निधी वेगळा, पाव टक्का. या सोसायटीने गेली कित्येक वर्षे घरटी एक ठोक रक्कम घेतली होती, ती जिन्याच्या दिव्यातच संपे. निधी नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून एकदम मोठा खर्च. त्याच उपविधींत इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचेही सांगितले आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा, तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. 1987 च्या इमारतीचे एकदाही झाले नव्हते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तोवर गळती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजी असते. ठराव त्याच सभेत करून घ्यावा. मार्चात कोणाला पाऊस आठवत नाही.

काम

ठराव व्हायला, वर्गणी जमायला एप्रिलचा मध्य उजाडला. दोन्ही कोबे काढायचे ठरले. मलबा गच्चीवर ढीग करून ठेवू नये, रोजचा रोज उतरवावा, ही अट बाईंनी करारात लिहून घेतली. ढीग म्हणजे एकाच जागी तोच भार. खालच्या खोल्यांना टेकू. पोकळ काँक्रीट काढून सळया घासून लख्ख केल्या, जिथे सळई झिजली तिथे जोडीला नवी दिली, वर विशेष मसाल्याने भरून घेतले. मग कठड्याचा वाटा, नळांची तोंडे मोठी, जलरोधाचा थर आणि शंभराला एक असा उतार धरून पातळ, हलका कोबा.

आणि ऐन कामात पावसाने गाठले. 2025 साली मे महिन्यातच पुण्यात पाऊस लागला. 26 मे रोजी मान्सून पोहोचल्याची नोंद झाली, एरवीपेक्षा पंधरवडा आधी. गच्चीचा तिसरा हिस्सा तेव्हा उघडा होता. ताडपत्र्या टाकून, दोन माणसे रात्री झाडू घेऊन बसवून तो कसाबसा राखला, पण दोन नव्या जागी ओल उतरली आणि काम जूनभर रेंगाळले. तपासणी दिवाळीनंतर आणि काम फेब्रुवारीत सुरू केले असते तर हे टळले असते. आमचे आता ठाम मत झाले आहे की मेअखेरचा वायदा गच्चीच्या कामाला धरूच नये.

काम झाल्यावर नळ बुजवून दोन इंच पाणी तीन दिवस कोंडून पाहिले. याहून जास्त पाणी कोंडू नये; चार इंच पाणी म्हणजे पुन्हा चौरस मीटरला शंभर किलो. खाली थेंब आला नाही.

दरवर्षीचे काम त्यानंतर अगदी थोडे उरते. पावसाआधी झाडलोट, नळांच्या जाळ्या, वाट्यावर नजर, रोपटी. पहिल्या मोठ्या सरीनंतर अर्ध्या तासाने वर जाऊन कुठे डबके राहिले ते खडूने आखायचे. ऑक्टोबरात पुन्हा एक फेरी. आणि एक वही, तिच्यात तारखा. हे सोसायटीच्या रखवालदाराकडूनही होते, फक्त कोणी तरी विचारणारा हवा. ऑडिटच्या मुदतीप्रमाणे इंजिनिअर.

पाऊस उलटल्यावर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुली आपल्या खोलीत परतल्या आहेत. छत कोरडे होते, एक बारीकसा डाग सोडून, न्हाणीघराच्या भिंतीजवळ. तो गच्चीचा नसून नळाच्या सांध्याचा असावा असे बाईंचे मत पडले. धाकटीने त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख घातली आहे. दर रविवारी ती डाग रेघेबाहेर गेला का ते पाहते. अजून गेलेला नाही.